बाबांच्या झेनची वही

पत्र थोडक्यात : सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. वय ३८, नोकरी, चार वर्षांची मुलगी, स्वतःची गाडी. वडील सत्तरीचे, भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. आईसह जवळच्याच सोसायटीत राहतात. त्यांच्याकडे १९९८ साली नवी घेतलेली मारुती झेन आहे. ऑइल बदलण्यापासून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून साफ करण्यापर्यंत सगळं ते स्वतः करतात. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलेलं असतं, आणि पहिल्या दिवसापासूनच्या कामांच्या नोंदी एका जाड वहीत आहेत. भाऊ म्हणतो, बाबा चिकट आहेत, आणि सरकार ही गाडी आज ना उद्या भंगारात काढायला लावणारच आहे. तेलाच्या डागांबद्दल सोसायटीची चिठ्ठीही आली आहे. ताईंनी बाबांच्या सत्तरीला भेट म्हणून एक ऑटोमॅटिक गाडी परस्पर बुक केली. ते कळल्यावर घरात वाद झाला आणि "माझ्या मुलीला मी त्या डब्यात बसू देणार नाही," असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. बाबा काही न बोलता उठून गेले. पूर्वी ते नातीला बालवाडीतून गाडीने आणायचे, ते बंद झालं आहे. ताई विचारतात, "बाबांना गाडी विकायला कसं तयार करू?"

नमस्कार,

आधी मुलीचं बोलू. चार वर्षांच्या मुलीला त्या गाडीतून न्यायचं नाही, हा तुमचा निर्णय बरोबर आहे आणि तो कोणाला वाईट वाटेल म्हणून बदलू नका. त्या काळच्या छोट्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, आणि लहान मुलांची सीट पक्की अडकवायला आजच्या गाड्यांत मागे जे आयसोफिक्सचे हूक असतात तेही नाहीत. आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली तीच मुळी २०१९ साली. बाबांनी गाडीला कितीही जीव लावला तरी समोरून धडक बसली तर पत्रा किती आत येणार, हे त्यांच्या हातात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट लावल्याशिवाय नेलं तर आता दंडही आहे. तेव्हा नात तुमच्या गाडीत, तिच्या सीटवर, बेल्ट लावून. यात तडजोड नको.

पण हे तुम्ही 'डबा' म्हणून, चारचौघांत बोललात. गाडीला नावं ठेवली म्हणून बाबा दुखावले, असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं, त्यांनी जे ऐकलं ते वेगळंच होतं. ज्या गाडीतून त्यांनी तुम्हाला शाळेत, क्लासला, परीक्षेला पोचवलं, ती गाडी आजवर सुखरूप चालली ती त्यांच्या हातांमुळे. लेक म्हणाली, आता तुमच्या हातांचा भरवसा नाही. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे पत्रावरून कळतं. मग तेवढं तरी त्यांना सांगा, आणि गाडीचा विषय काढायच्या आधी सांगा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. बाबा हट्टी आहेत आणि हट्ट सुटला की गाडी सुटेल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे.

आयुष्य टूलरूममध्ये काढलेली माणसं कशी असतात ते पुण्यात वेगळं सांगायला नको. भोसरी, पिंपरी, आकुर्डीच्या पट्ट्यात अशा दोन पिढ्या घडल्या. थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आणि मायक्रॉनमध्ये विचार करणारी ही माणसं; डायमध्ये, म्हणजे साच्यात, दोन थाऊंचा फरक राहिला तर पुढचे हजार नग वाया जातात, हे अंगात भिनलेली. अशा माणसाला जी वस्तू उघडता येते तीच आपली वाटते. झेन तशी गाडी आहे. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, १९९८च्या गाडीला कार्बोरेटर. बॉनेट उघडलं की बहुतेक गोष्टींपर्यंत हात पोचतो. इंजिन अडखळायला लागलं की चारही स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे भाग) काढून फडक्यावर ओळीने मांडायचे. सगळे काळे, काजळी धरलेले निघाले तर पेट्रोल जास्त जातंय. एकच तसा निघाला तर त्या सिलिंडरची ठिणगी कमजोर आहे. पांढुरके पडले असतील तर पेट्रोल कमी पडतंय, आणि विटकरी रंगाचे असतील तर चिंता नाही. चार प्लगांवरून इंजिनाची तब्येत कळते. आजच्या गाडीत हेच काम कॉम्प्युटर करतो आणि उत्तम करतो, पण त्याचं म्हणणं स्कॅनर लावल्याशिवाय वाचता येत नाही. नवी गाडी आली की बाबांची मेहनत वाचेल, असं तुम्ही लिहिता. वाचेल. त्यांना ती वाचवायची आहे का, हे मात्र पत्रात कुठे आलेलं नाही.

माझ्या मामांकडे एक जुनी गाडी होती. मे महिन्यात आम्ही पाच भावंडं मागे कोंबलेली, आणि खंबाटकीच्या चढावर गाडी हमखास बंद पडायची. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि पुढे पेट्रोल जायचंच नाही. मामा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, तांब्यातल्या पाण्यात पंचा भिजवून पेट्रोल पंपाभोवती गुंडाळायचे आणि कठड्यावर बसून आम्हाला भेळ वाटायचे. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू. मामी वैतागायच्या, आजूबाजूच्या गाड्या पुढे निघून जायच्या, पण मामांच्या चेहऱ्यावर काळजी कधी दिसली नाही. ही गाडी कुठे अडणार आणि अडली की काय करायचं, हे दोन्ही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा ती कधीच अडली नाही, तरी पहिलं वर्षभर ते घाटात कान टवकारून बसलेले असायचे. जुन्या गाडीवरची निष्ठा मला तिथे कळली. तिचे दोष पाठ झालेले असतात, आणि त्या पाठांतरात फार मोठा दिलासा असतो. बाबांना तो दिलासा सोडायला सांगणं सोपं नाही, हे धरूनच त्यांच्याशी बोला.

भावाच्या 'चिकट' या शब्दाचं काय करायचं? वहीतल्या गेल्या पाच वर्षांच्या खर्चाची बेरीज करा. समजा, भाग, ऑइल, टायर, बॅटरी धरून वर्षाला पंचवीस हजार निघाले. १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०२२ साली ठरलेल्या दराने वर्षाला २,०९४ रुपये आणि वर कर, एवढाच. आता सात-आठ लाखांची नवी गाडी घ्या. पहिल्या तीन-चार वर्षांत तिची किंमत नुसत्या उभ्या जागी लाखांनी उतरते. कमी फिरणाऱ्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च हा किंमत उतरण्याचाच असतो, आणि झेनची किंमत जेवढी उतरायची तेवढी केव्हाच उतरली. बाबांचा हिशोब चुकलेला नाही. पैसे वाचवण्यासाठीच ते गाडी ठेवतात असंही नाही, कारण दर रविवारचे तीन तास त्यांनी कुठल्याच खात्यात धरलेले नाहीत.

सरकार भंगारात काढायला लावेल, हेही तपासून घ्या. वयावरून गाड्या हटवायचा नियम आपण ऐकतो तो दिल्ली परिसरातला. महाराष्ट्रात खासगी मोटारीला तसं वयाचं बंधन नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. १९९८ची गाडी म्हणजे २०१३, २०१८, २०२३ अशी नूतनीकरणं झाली असणार. पुढचं २०२८ साली. २०२२पासून हे शुल्क ६०० वरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये आहे. महाग आहे, पण बंदी नाही. तपासणीत गाडी नापास झाली तर गोष्ट वेगळी. पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट झाली आहे का, तेवढं विचारा.

धुराबद्दल मात्र मी बाबांची बाजू पूर्ण घेणार नाही. देशभर लागू झालेल्या २०००च्या प्रदूषण निकषांच्याही आधीची ही गाडी आहे. कार्बोरेटर कितीही छान ट्यून केला तरी दर किलोमीटरमागे तिचा धूर आजच्या बीएस-६ प्रदूषण निकषांच्या गाडीपेक्षा कितीतरी घाण. महिन्याला शंभर-दोनशे किलोमीटर चालणारी गाडी जपून वापरण्यात आणि ती मोडून नवी बनवण्यात काय बरं, यावर वाद होऊ शकतो. रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं असेल तर वादच नाही, तिथे ही गाडी नको.

आता तुमची काळजी. ती खरी आहे, आणि तिचं उत्तर त्या वहीतच सापडेल असं मला वाटतं. ओळखीच्या गाडीचा एक धोका असतो. जे एकदम बिघडतं ते मालकाला तत्काळ कळतं. जे रोज केसभर बिघडतं त्याची सवय होते. ब्रेकचं पेडल महिन्याकाठी किंचित खाली जात राहिलं तर पायही तेवढाच खाली जायला शिकतो. सत्तरीत कानांचंही तेच. बारीक चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि ब्रेकचे पॅड संपत आल्याचा आवाज नेमका तसाच असतो. यात बाबांच्या कौशल्याचा काही दोष नाही.

म्हणून वही मागून घ्या आणि तिच्यात काय लिहिलेलं नाही, ते शोधा. माझा अंदाज असा की इंजिनाच्या नोंदी पानंच्या पानं असतील, कारण जीव तिथे असतो. पण ब्रेकचे रबरी होज (ब्रेक ऑइल नेणारे पाइप) शेवटचे कधी बदलले? ब्रेक ऑइल? ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओल धरलेलं ऑइल कात्रजच्या उतारावर ब्रेक तापले की उकळतं आणि पेडल मऊ पडतं. टायरची नक्षी छान दिसत असेल, पण कडेला चार आकडे असतात, ते वाचा. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर न झिजताही म्हातारं होतं. सीटबेल्ट झटक्याने ओढून बघा, अडकतो का. स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, यांच्यापुढे तारीख आहे का? पेट्रोलचे रबरी पाइप तर मुद्दाम बघा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, चिरतं, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणं म्हणजे काय, ते बाबांना सांगावं लागणार नाही.

ही यादी घेऊन त्यांच्यापुढे जाल तेव्हा "बघा, किती राहिलंय" असा सूर नको. "बाबा, ब्रेकचे होज कधी बदललेत? वहीत सापडले नाहीत," एवढंच विचारा. टूलरूमच्या माणसाला अशी चूक दाखवलेली चालते. त्यांच्या कारखान्यात रोज कोणीतरी कोणाचं तरी माप तपासतच होतं. त्याच धर्तीवर वर्षातून एकदा परक्या डोळ्यांनी गाडी बघून घ्यायची, असं ठरवा. मेकॅनिक बाबांनीच निवडावा, पण गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितली जावी आणि ब्रेक-स्टिअरिंगबाबत त्याचा शब्द मानला जावा.

आणि एक गोष्ट तर आजच विचारा. बाबा गाडीखाली शिरतात तेव्हा ती कशावर उभी असते? नुसत्या जॅकवर असेल तर ते ताबडतोब थांबवा. जॅक फक्त उचलायला असतो. खाली दोन भक्कम घोड्या (गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड) हव्यात, बाकीच्या चाकांना ठोकळे हवेत, आणि घरातल्या कोणाला तरी खाली काम चाललंय हे माहीत हवं. सत्तरीला भेट द्यायचीच असेल तर चांगल्या घोड्यांची जोडी द्या. नाना पेठेत बाबांबरोबर जाऊन घ्या, ते तासभर दुकानदाराशी बोलत राहतील, तेवढा वेळ ठेवा.

सोसायटीची चिठ्ठी मला रास्त वाटते. ऑइल काढताना खाली पसरट ट्रे ठेवायचा, डाग लगेच लाकडाच्या भुशाने टिपायचा, आणि काढलेलं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल रीतसर घेणाऱ्या गॅरेजला द्यायचं. ते गटारात गेलं की मुठा नदीत जातं.

बुक केलेल्या गाडीचं काय? बुकिंग थांबवा किंवा पुढे ढकला. न विचारता आणलेली गाडी म्हणजे बाबांना भेट वाटणार नाही, बदली वाटेल. त्याऐवजी तुम्ही निवडलेल्या दोन-तीन गाड्या बघायला त्यांना घेऊन जा आणि खरोखर त्यांचं मत घ्या. ऑटोमॅटिकची सवय व्हायला वेळ लागतो. चाळीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय सुरुवातीला भलतंच पेडल शोधतो. मोकळ्या मैदानात आठ-दहा दिवस सराव झाल्याशिवाय त्यांना रहदारीत पाठवू नका.

तुमच्या पत्रात आई एकदाच येते, पत्त्यापुरती. त्या त्याच झेनमधून फिरतात ना? त्यांचे गुडघे, त्यांची भीती, उन्हाळ्यातला गाडीतला उकाडा, याबद्दल त्यांना कोणी विचारलं आहे का? मला वाटतं, घरात दुसरी गाडी यायची असेल तर ती त्यांच्या गरजेतून यावी. तशी आली तर बाबांना झेन विकावीही लागणार नाही. लांबचा प्रवास, रात्र, एक्सप्रेस वे आणि पाहुणे यांसाठी नवी गाडी. दिवसाउजेडी मंडई, बँक, मित्रांकडे जायला झेन. विकून जे हाती येईल त्याने तुमचं काही अडलेलं नाही, आणि बाबांचे रविवार मात्र रिकामे होतील.

अशीच जुनी गाडी सांभाळणारे पुष्कळ वाचक मला लिहितात, आणि त्यांचा प्रश्न उलट असतो की कधी सोडायची? त्यांना मी इंजिनावरून ठरवू नका म्हणते. इंजिन पुन्हा बांधता येतं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं तरी तिचे भाग अजून मिळतात. तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९पर्यंत होतं. सोडायचं कारण बहुतेक वेळा गंज असतो. पायाखालची मॅट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे; भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, किंवा जॅक लावताच पट्टी आत दबली, तर सांगाडा गेला. मग कितीही प्रेम असो, ती गाडी रस्त्यावर आणू नका. आणि ब्रेकचे भाग फक्त डुप्लिकेट मिळायला लागले, तरीही थांबा.

आता बालवाडीचं. तुमच्या गाडीत मुलीची सीट आहेच. आठवड्यातले दोन दिवस त्या गाडीची किल्ली बाबांकडे द्या आणि नातीला आणायचं काम पुन्हा त्यांच्यावर सोपवा. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसा, सीटचा बेल्ट कसा अडकवायचा ते दाखवा. एकदा दाखवलं की पुढे तुमच्यापेक्षा काटेकोर तेच असतील. तुमची गाडी कुठे आवाज करते हेही आठवड्याभरात तुम्हाला कळेल.

आणि झेन उभी असताना नातीने तिच्यात बसायला माझी काहीच हरकत नाही. रविवारी सकाळी, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, किल्ली आजोबांच्या खिशात. बॉनेट बंद करताना तिचे हात कुठे आहेत तेवढं बघायला सांगा.